उपाशीपोटीची साखर आणि फिल्मवरची काळी पट्टी

सरकारी रुग्णालयाच्या मधुमेह ओपीडीत एक प्रश्न जवळजवळ रोज येतो. "डॉक्टर, रात्री आठला अर्धी भाकरी खाल्ली. नंतर पाण्याशिवाय पोटात काही नाही. तरी सकाळी साखर १८० कशी?" शेजारी बसलेल्या नातेवाइकाच्या नजरेत संशय असतो. रात्री उठून डब्यातला लाडू खाल्ला असणार, असा त्यांचा पक्का समज. बहुतेक वेळा तो समज चुकीचा निघतो. ही साखर तोंडावाटे आलेलीच नसते, ती शरीरात तयार झालेली असते. तिचा मुख्य कारखाना आहे यकृत.

माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदूला मात्र दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते आणि तो झोपेतही थांबत नाही. मग रात्रभर पुरवठा करायचा कोणी? साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाचे यकृत उपाशीपोटी तासाला साधारण सात ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असते. त्यातले काही ग्लायकोजेनच्या साठ्यातून येते. हा साठा शंभरेक ग्रॅमचा असतो आणि दिवसभराच्या उपासात संपत येतो. उरलेले ग्लुकोज यकृत नव्याने बनवते. स्नायूंतून आलेले लॅक्टेट, प्रथिनांतून सुटलेली अमिनो आम्ले, चरबीतले ग्लिसरॉल असा कच्चा माल घेऊन त्याची साखर करते. एकादशी, रमजान, पर्युषण या सगळ्या उपासांत माणूस शुद्धीवर राहतो तो या उद्योगामुळे.

निरोगी शरीरात इन्शुलिन यकृताला सांगते, "पुरे." टाइप २ मधुमेहात हा निरोप यकृतापर्यंत नीट पोहोचत नाही आणि कारखाना गरजेपेक्षा जास्त चालत राहतो. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढले की त्यात भर पडते. म्हणून रात्रीचे जेवण टाळून सकाळचा आकडा खाली येईलच असे नाही. उलट इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने जेवण टाळले तर मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

आता या कारखान्यातल्या एका कामगाराची ओळख करून घ्यायला हवी. नाव लांबलचक आहे, फॉस्फोइनॉलपायरुव्हेट कार्बोक्सिकायनेज. प्रयोगशाळेत त्याला 'पेपसीके' म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा एक विकर, म्हणजे एन्झाइम. कच्च्या मालाची साखर होताना सुरुवातीच्या टप्प्यावरचे एक काम तो करतो. १९५४च्या सुमारास क्लीव्हलंडमध्ये मर्टन अटर आणि कियोशी कुराहाशी या दोघांनी तो कोंबडीच्या यकृतात शोधून काढला. कोंबडीचा हा तपशील लक्षात असू द्यावा, पुढे त्याचे काम आहे.

पेपसीकेवर संशोधकांची इतकी नजर का? कित्येक विकरांना पेशीतली रसायने क्षणार्धात वेगवान किंवा मंद करतात. पेपसीकेच्या बाबतीत पेशी मुख्यतः त्याची संख्याच कमी-जास्त करते. उपास सुरू झाला की ग्लुकॅगॉन त्याचे जनुक चालू करते, जेवण झाले की इन्शुलिन ते बंद करते. त्यामुळे हिशेब सरळ वाटला. यकृतात पेपसीके किती आहे ते मोजा, साखर किती तयार होते ते कळेल. पाठ्यपुस्तकांनीही अनेक दशके याला साखरनिर्मितीची किल्ली म्हटले.

पण मोजायचे कसे? यकृताच्या एका पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्या गर्दीतून एकालाच शोधून त्याच्यावर बोट ठेवणारा कोणीतरी हवा. ते काम करते प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी.

कोविडनंतर हा शब्द सगळ्यांना माहीत झाला. जंतू आला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. हीच हातोटी प्रयोगशाळा उसनी घेते. माणसाच्या पेपसीकेचा एक तुकडा सशाला टोचायचा, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचायचा. सशाच्या रक्ताला हा तुकडा परका वाटतो आणि त्याला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. रक्त काढून ती वेगळी करायची, बाटलीत भरायची, वर लेबल लावायचे. यात गोची एवढीच की तो ससा मेला की तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. दुसरा ससा दुसरेच मिश्रण देतो. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीची कर्करोगी पेशीशी गाठ मारली आणि एकाच साच्याचे प्रतिपिंड अखंड मिळू लागले. त्यासाठी १९८४चे नोबेल त्यांना मिळाले.

मधुमेहाचे आणि प्रतिपिंडांचे नाते त्याहून जुने आहे. १९५०च्या दशकात रुग्णांना डुकराचे किंवा गाईचे इन्शुलिन दिले जाई. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांच्या लक्षात आले की अशा रुग्णांच्या रक्तात इन्शुलिनला चिकटणारे काहीतरी आहे आणि ते प्रतिपिंडच असले पाहिजे. इन्शुलिनसारख्या इवल्याशा प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड तयार होत नाही, असा त्या काळचा ठाम समज होता. त्यांचा निबंध आधी नाकारला गेला. १९५६ मध्ये तो छापून आला, पण शीर्षकातून 'प्रतिपिंड' हा शब्द काढायला लावून. यॅलोबाईंनी ते नकाराचे पत्र जपून ठेवले आणि १९७७ मध्ये नोबेल मिळाल्यावर आपल्या व्याख्यानात जगाला दाखवले. बर्सन तोवर हयात नव्हते.

या दोघांनी पुढे त्याच प्रतिपिंडाचा उपयोग करून रक्तातले इन्शुलिन मोजण्याची पद्धत बसवली. तिने काय दाखवले? प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन कमी नव्हतेच, भरपूर होते. तरीही साखर चढलेली. म्हणजे हॉर्मोन आहे, पण त्याचे कोणी ऐकत नाही. आज इन्शुलिन रेझिस्टन्स हा शब्द रुग्णही सहज वापरतात. तो सिद्ध होण्यात एका चांगल्या प्रतिपिंडाचा मोठा वाटा आहे.

प्रतिपिंड वापरून पेपसीके पाहण्याची नेहमीची पद्धत म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. एडविन सदर्न नावाच्या शास्त्रज्ञाने डीएनएसाठी काढलेल्या पद्धतीला 'सदर्न' म्हटले जाऊ लागले, तेव्हा प्रथिनांच्या पद्धतीला कोणीतरी गमतीने 'वेस्टर्न' म्हटले. नाव तेच राहिले. पद्धत थोडीफार स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. यकृताचा तुकडा बर्फावर ठेवून वाटायचा. त्यातली प्रथिने जेलीसारख्या पातळ वडीच्या एका टोकाला घालून वीज सोडायची. लहान प्रथिने वेगाने पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. मग ती सगळी एका कागदासारख्या पडद्यावर उतरवून घ्यायची. प्रतिपिंड कुठेही चिकटू नये म्हणून पडदा दुधाच्या भुकटीच्या द्रावणात भिजवायचा. होय, सायविरहित दुधाची साधी भुकटी. त्यानंतर पेपसीकेचे प्रतिपिंड, मग त्या प्रतिपिंडाला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड. दुसऱ्याच्या शेपटीला आपल्या मुळ्या-मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश या वनस्पतीचे एक विकर जोडलेले असते. ते योग्य रसायन मिळाले की प्रकाश देते. फिल्मवर काळी पट्टी उमटते. पट्टी जाड म्हणजे विकर जास्त, बारीक म्हणजे कमी.

ही पट्टी पाहताना विसरले जाते ते असे की ती पेपसीकेचा फोटो नव्हे. प्रतिपिंड कुठेतरी चिकटले, एवढाच तिचा अर्थ. ते पेपसीकेलाच चिकटले की दुसऱ्या कशाला, हे लेबलवरून कळत नाही.

पेपसीकेच्या बाबतीत हा धोका जरा जास्तच आहे, कारण त्याला एक भाऊ आहे. एक पेपसीके पेशीच्या द्रवात असतो, दुसरा मायटोकॉन्ड्रियात. पहिल्यात ६२२ अमिनो आम्लांची साखळी, दुसऱ्यात ६४० ची. साखळीतली क्रमवारी सुमारे ७० टक्के जुळते. वजन जवळपास सारखेच, त्यामुळे जेलवर दोघे जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबतात. सशाला टोचलेला तुकडा दोघांत सारखा असलेल्या भागातला असेल तर प्रतिपिंड दोन्ही भावांना ओळखेल आणि पट्टी एकच दिसेल. आणि हे भाऊ प्रत्येक प्राण्यात वेगवेगळ्या प्रमाणात असतात. उंदराच्या यकृतात नव्वद टक्क्यांहून जास्त पेपसीके द्रवातला, कोंबडीच्या यकृतात जवळजवळ सगळा मायटोकॉन्ड्रियातला, माणसाच्या यकृतात साधारण निम्मा-निम्मा. उपास आणि इन्शुलिन यांच्या तालावर प्रामुख्याने नाचतो तो द्रवातला. त्यामुळे उंदराच्या यकृतातली पट्टी पाहून माणसाविषयी बोलायचे तर जरा जपूनच बोलावे लागते.

प्रतिपिंडाने दगा दिला तर काय होते याची एक गोष्ट टोरांटोची आहे. तिथल्या माउंट सायनाय रुग्णालयातले इलेफ्थेरिओस डायमँडिस आणि त्यांचे सहकारी स्वादुपिंडाच्या कर्करोगाची रक्तातली खूण शोधत होते. सीयूझेडडी-१ नावाचे प्रथिन ओळखणारा तयार संच त्यांनी विकत आणला. निकाल आशादायक दिसू लागले. दोन वर्षे गेली, पाच लाख डॉलर गेले, हजारो रुग्णांचे नमुने वापरून झाले. शेवटी उलगडा झाला की संचातले प्रतिपिंड सीयूझेडडी-१ला ओळखतच नव्हते. ते पकडत होते सीए-१२५, म्हणजे बीजांडाच्या कर्करोगात गेली कित्येक वर्षे तपासले जाणारे प्रथिन. हे त्यांनी २०१४ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले, याचे कौतुक करायला हवे. आपली फसगत छापून आणणारे संशोधक फार नसतात.

हा एखादा अपवाद आहे का, हे तपासण्याचे मोठे काम अलीकडे कॅनडात मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठाच्या पुढाकाराने झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तपासणीत ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडे घेतली. कसोटी साधी होती. ज्या पेशीतून त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकले आहे, अशा पेशीवर प्रतिपिंड घालायचे. तिथे प्रथिनच नाही, तेव्हा पट्टी दिसायला नको. दिसली तर प्रतिपिंड खोटे बोलते आहे. निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे एका तरी वापरात नापास झाली. दर प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध असे निघाले की ज्यांत या नापास प्रतिपिंडांवर आधारलेली माहिती होती. कंपन्या या तपासणीत सहभागी होत्या. नापास मालापैकी सुमारे वीस टक्के त्यांनी विक्रीतून काढला आणि चाळीसेक टक्क्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या. दुकानदाराने आपणहून वजनकाटा तपासून घ्यावा, असेच हे झाले.

इथे वाचकाला एक शंका येईल. आपल्या रक्ताच्या तपासण्यांतही प्रतिपिंडेच असतात, मग त्यांचे काय? थायरॉइडची टीएसएच, हृदयविकाराच्या झटक्यातली ट्रोपोनिन, गर्भधारणेची घरगुती पट्टी, या सगळ्या प्रतिपिंडांवर चालतात हे खरे. मात्र निदानासाठी विकल्या जाणाऱ्या संचांना वेगळ्या परवान्यातून आणि नियमित गुणवत्ता-चाचण्यांतून जावे लागते. प्रयोगशाळेतल्या पेपसीकेच्या बाटलीवर बहुधा 'फक्त संशोधनासाठी' असे छापलेले असते. निदान संचाचे नियम तिला लागू नसतात. तिची पारख करण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्या संशोधकाची.

समजा, पारख नीट झाली. प्रतिपिंड अस्सल, पट्टी खरी. तरी एक पेच उरतोच आणि तो अधिक रंजक आहे. अमेरिकेत उंदरांच्या यकृतातले द्रवातले पेपसीके जनुक बदलून वेगवेगळ्या प्रमाणात कमी केले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात विकर ९० टक्क्यांनी घटवले तरी साखरनिर्मिती घटली सुमारे ४० टक्केच. त्याआधी २००० साली दुसऱ्या एका गटाने यकृतातून हे जनुक पूर्ण काढलेले उंदीर उपाशी ठेवले होते. त्यांची रक्तातली साखर जवळपास सामान्य राहिली. यकृतात चरबी मात्र साठली. मूत्रपिंडेही साखर बनवू शकतात, शरीराने दुसरा मार्ग काढला. मग २००९ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी थेट माणसांकडे पाहिले. स्थूलतेच्या शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या यकृताच्या नमुन्यांत त्यांनी पेपसीकेच्या जनुकाचा संदेश मोजला. उपाशीपोटी साखर चढलेल्या मधुमेहींमध्ये तो वाढलेला नव्हता.

म्हणजे ज्याला कारखान्याची किल्ली समजलो, तो अनेक कामगारांपैकी एक निघाला. गेटवर किती कामगार हजर आहेत हे मोजून दिवसाचे उत्पादन कळत नाही. कच्चा माल किती आला, चरबी जाळून ऊर्जा किती मिळते, आत काम कोणत्या वेगाने चालले आहे, यावर ते ठरते. चांगले प्रतिपिंड हजेरी अचूक घेते. त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

हे सगळे ओपीडीतल्या रुग्णाला कशाला सांगायचे? कारण हीच काळी पट्टी आता त्याच्या मोबाइलवर येऊ लागली आहे. भारतात मधुमेहींची संख्या आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दहा कोटींच्या वर आहे. एवढी मोठी बाजारपेठ कोण सोडेल? कारले, मेथी, जांभळाच्या बिया, गुळवेल यांच्या अर्काच्या जाहिराती फिरतात. हल्ली त्यांत नुसते 'आजीबाईचा बटवा' म्हणून भागत नाही. 'यकृतातले साखर बनवणारे एन्झाइम रोखते, वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' असे लिहावे लागते आणि खाली कुठल्याशा निबंधातले पट्ट्यांचे चित्र असते. डावीकडे जाड पट्टी, उजवीकडे बारीक. पाहणारा भारावतो.

अशा प्रयोगांत बहुतेक वेळा काय केलेले असते? उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. हा मधुमेह माणसाच्या टाइप २ पेक्षा टाइप १च्या जवळचा. मग त्याला काही आठवडे अर्क पाजतात आणि यकृत काढून पट्टी पाहतात. पट्टी बारीक झाली असेलही, प्रयोग प्रामाणिक असेलही. पण प्रतिपिंड दोन भावांपैकी कोणाला चिकटले, जनुक काढलेल्या यकृतावर ते तपासले होते का, पट्टी बारीक झाल्यावर साखरनिर्मिती खरोखर किती घटली आणि उंदराला वजनाच्या मानाने दिलेली मात्रा माणसाला किती चमचे किंवा किती किलो पडेल, यातले काहीच त्या चित्रात नसते. मेथीची भाजी किंवा कारल्याची परतलेली काचरी जेवणात असावीच, त्याला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती त्या चित्रावर विसंबून मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन परस्पर बंद करण्याला. असे बंद केलेले रुग्ण दोन-तीन महिन्यांनी पायाची न भरणारी जखम घेऊन, कधी बेशुद्धावस्थेत, परत येतात. तेव्हा निबंध लिहिणारा तिथे नसतो आणि अर्क विकणाराही नसतो.

मेटफॉर्मिनचा उल्लेख आलाच आहे तर त्याचेही मूळ एका वनस्पतीत आहे हे सांगायला हवे. गोट्स रू या युरोपीय वनस्पतीतल्या रसायनाच्या अभ्यासातून ही औषधांची जात पुढे आली आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहींवरचे अनुभव प्रसिद्ध केले. मेटफॉर्मिन यकृतातली साखरनिर्मिती कमी करते, पण नेमके कोणत्या वाटेने, यावर आजही शास्त्रज्ञांत वाद आहे. तरी ते जगभर दिले जाते. त्यामागे कोणतीही पट्टी नाही. माणसांना औषध देऊन, वर्षानुवर्षे त्यांची साखर आणि प्रकृती नोंदवून ते पारखले गेले आहे.

हे ऐकल्यावर काही रुग्ण विचारतात, "मग आमचे हे एन्झाइम तपासून घेता येईल का?" आणि पिशवीतून लॅबचा कागद काढून एसजीओटी-एसजीपीटीच्या आकड्यांवर बोट ठेवतात. ते वेगळे. एसजीओटी-एसजीपीटी यकृताच्या पेशींना इजा झाल्यावर रक्तात गळणारी विकरे आहेत, साखरनिर्मितीचे मोजमाप नव्हे. पेपसीके पेशीच्या आत राहतो. तो पाहायचा तर सुई घालून यकृताचा तुकडाच काढावा लागेल आणि साध्या मधुमेहासाठी तसे कोणी करत नाही. तशी गरजही नाही.

१८० आकडा घेऊन आलेल्या त्या रुग्णाला डॉक्टर बहुधा साध्या गोष्टी विचारतात. रात्रीची गोळी कधी घेता, झोप किती, पोटाचा घेर वाढला आहे का, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी किती आली? इन्शुलिन चालू असेल तर एकदोन रात्री गजर लावून तीन वाजताची साखर ग्लुकोमीटरवर पाहायला सांगतात. तीन वाजता ती ६० असेल तर रात्रीचा डोस कमी करावा लागतो. २००च्या वर असेल तर यकृत रात्रभर काम करते आहे आणि औषध त्याला पुरे पडत नाही, असे समजून पुढचा बदल ठरतो. सकाळचा आकडा दोन्ही वेळा १८० असू शकतो. म्हणून डोस बदलण्याआधी ती तीनची नोंद लागते, आणि वहीत तीच जागा बहुतेकांची रिकामी असते.